वसईचे दुभाषी संत : गोन्सालो गार्सिया

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपली ख्रिस्तसभा जपानमधल्या सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. जगभरच्या उपासना कॅलेंडरमध्ये या स्मरणदिनाला संत पॉल मिकी आणि सहकारी असे नाव आहे. या सहकाऱ्यांमध्ये एक आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला आहे, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईचा आणि मृत्यू जपानमधील नागासाकीचा. भारतात जन्मलेल्या व्यक्तींमध्ये संतपदाचा मान सर्वप्रथम त्यांना मिळाला. २००८ साली संत अल्फोन्सा यांना संतपद बहाल झाले, तेव्हा काही वृत्तपत्रांनी त्यांना पहिल्या भारतीय संत म्हटले. पहिल्या भारतीय महिला संत असे म्हटले असते तर अधिक बरोबर झाले असते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा आणि जपानचा संबंध काय, असे कुणी विचारील. वसईकडून आलेले धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपल्या भागात वर्षानुवर्षे सेवा देत आहेत, हा एक संबंध आहेच. पण आम्हांला दुसरा संबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मिस्सा मराठीत होते, पण चुलीपाशी भिली, पावरी किंवा मावची बोलली जाते. सातपुड्याच्या पाड्यावर फादर जातात तेव्हा त्यांच्याबरोबर कॅटेकिस्टही जातो. फादरांचे बोलणे तो लोकांच्या भाषेत सांगतो आणि लोकांचे दुखणे फादरांपर्यंत पोहोचवतो. गोन्सालो यांनी आयुष्यभर हेच काम केले. ते धर्मगुरू नव्हते. त्यांनी कधी मिस्सा अर्पण केला नाही, कुणाचा पापस्वीकार ऐकला नाही. ते दुभाषी होते.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे, म्हणजे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, तिथे पोर्तुगिजांचे राज्य होते. संत फ्रान्सिस झेवियरही वसईला येऊन गेले होते. अशा वसईत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच कोकणी, असे बहुतेक चरित्रकार मानतात. किल्ल्यातल्या येशूसंघीय फादरांच्या शाळेत ते शिकले. तिथले फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा या मुलावर विशेष लोभ होता. याच फादरांबरोबर पंधरा-सोळा वर्षांचे गोन्सालो जपानच्या वाटेला लागले आणि १५७२ साली तिथे पोहोचले. शिडाच्या जहाजाचा महिनोन् महिन्यांचा प्रवास, वाटेत वादळे आणि आजार. आपल्या शाळेतला नववी-दहावीचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे त्या वयाची कल्पना येईल.

तेव्हाचे जपान म्हणजे फुटलेले राज्य होते. सम्राट होता, पण नावापुरता. शंभर वर्षांहून अधिक काळ सरदार आपापसांत लढत होते. आज ज्याचा किल्ला, उद्या त्याचेच डोके भाल्यावर, अशी स्थिती होती. १५४३ साली पोर्तुगीज व्यापारी तिथे बंदुका घेऊन आले आणि त्यांच्या मागोमाग १५४९ साली संत फ्रान्सिस झेवियर शुभवार्ता घेऊन आले. व्यापारी आणि मिशनरी एकाच जहाजातून उतरले, ही गोष्ट पुढे फार महाग पडली. गोन्सालो पोहोचले त्यानंतर वर्षभरातच, १५७३ मध्ये, ओडा नोबुनागा या सरदाराने शोगुनला राजधानी क्योतोतून हाकलून लावले. नोबुनागा मिशनऱ्यांशी चांगला वागे, कारण त्याचे वैर बौद्ध मठांच्या सशस्त्र भिक्षूंशी होते. हा लोभ किती टिकाऊ असतो ते सांगायला नको. १५८२ साली नोबुनागाच्याच एका सेनापतीने त्याच्यावर उठाव केला आणि क्योतोतल्या एका मंदिरात त्याचा अंत झाला.

अशा धामधुमीत गोन्सालो जपानी भाषा शिकले. इतर युरोपीय मिशनऱ्यांना ती फार जड जाई. मिशनचे त्या वेळचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांचे तर मतच होते की ही भाषा बाहेरच्या माणसाला नीट येणे शक्य नाही. पुढे १५७९ मध्ये आलेले फादर अलेस्सांद्रो व्हालिन्यानो यांनी भाषा शिकलीच पाहिजे असा आग्रह धरला. गोन्सालो यांनी मात्र त्या आग्रहाची वाट पाहिली नाही. ते कोवळ्या वयात लोकांमध्ये मिसळले आणि त्यांच्यासारखे बोलू लागले. मुलांना धर्मशिक्षण देणे, प्रवचनाचा अर्थ सांगणे, आजाऱ्यांकडे जाणे ही कामे त्यांच्याकडे आली. १५८२ पर्यंत जपानमध्ये सुमारे दीड लाख ख्रिस्ती झाले होते आणि त्यांच्यासाठी धर्मगुरू अगदी मोजके होते. म्हणजे बहुतेक ठिकाणी श्रद्धा उभी राहिली ती अशा मदतनिसांच्या खांद्यावर.

गोन्सालो यांची एकच इच्छा होती : येशूसंघात प्रवेश मिळावा. आठ-दहा वर्षे सेवा करूनही ती पूर्ण झाली नाही. पूर्वेकडच्या देशांत जन्मलेल्या आणि मिश्र वंशाच्या मुलांना संघात घ्यायला त्या काळचे वरिष्ठ राजी नसत. ही आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातली कटू गोष्ट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. ज्यांनी घडवले, ज्यांच्यासाठी तारुण्य दिले, त्यांनीच दार उघडले नाही.

मग गोन्सालो यांनी मिशन सोडले आणि ते व्यापारी झाले. जपानी येत होती, बंदरे ओळखीची होती, लोकांचा विश्वास होता. पूर्वेच्या समुद्रावरील गावोगावी त्यांचा व्यापार पसरला आणि पैसा आला. संतांच्या चरित्रात हा भाग दोन ओळींत उरकला जातो, जणू ती वर्षे वाया गेली. आम्हांला तसे वाटत नाही. चोख हिशेब ठेवणारा, माणसे पारखणारा, बंदरावरच्या अधिकाऱ्याशी कसे बोलावे हे जाणणारा माणूस याच वर्षांत तयार झाला आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

व्यापारानिमित्त ते फिलिपाइन्समधील मनिला येथे गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन बंधूंच्या सहवासात आले. अनवाणी चालणारे, भिक्षेवर राहणारे, रुग्णांची सेवा करणारे हे लोक. गोन्सालो यांनी व्यापार सोडला, संपत्ती सोडली आणि फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. वर्षानुवर्षे मिटलेले दार दुसऱ्याच घरी उघडले.

इकडे जपानमध्ये मोठी उलथापालथ झाली होती. नोबुनागानंतर टोयोटोमी हिदेयोशी सत्तेवर आला. हा साध्या शेतकरी-शिपायाच्या घरातला माणूस होता, पण अत्यंत हुशार. १५९० पर्यंत त्याने सगळे जपान आपल्या मुठीत आणले. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर गेला असता त्याने पाहिले की सरदार ख्रिस्ती होत आहेत आणि नागासाकी बंदर तर १५८० पासून चक्क येशूसंघाच्या ताब्यात आहे. १५८७ च्या जुलै महिन्यात त्याने हुकूम काढला : मिशनऱ्यांनी वीस दिवसांत देश सोडावा. ताकायामा उकोन या ख्रिस्ती सरदाराने श्रद्धा सोडायला नकार दिला, तेव्हा त्याची जहागीर गेली. पण मिशनरी गेले तर पोर्तुगीज जहाजे आणि त्यांतले रेशीमही जाईल, या भीतीने हिदेयोशीने हुकमाची अंमलबजावणी ढिली ठेवली. मिशनरी राहिले, मात्र दबून. कायदा कागदावर टांगलेला आणि तो कधी कोसळेल याचा नेम नाही, अशा स्थितीत ते दिवस काढत होते.

१५९२ मध्ये हिदेयोशीने कोरियावर फौजा पाठवल्या. त्याच सुमारास त्याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला निरोप धाडला की फिलिपाइन्सने आपले स्वामित्व मान्य करावे. गव्हर्नरला लढाई नको होती आणि शरणही जायचे नव्हते. त्याने फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानला पाठवायचे ठरवले. त्या मंडळींत जपानी नीट बोलू शकेल असे कोण? ब्रदर गोन्सालो. अशा रीतीने १५९३ साली ते पुन्हा जपानला गेले, या वेळी झगा घातलेले, अनवाणी.

हिदेयोशी तेव्हा क्यूशूमधील नागोया किल्ल्यात कोरियाच्या युद्धाची सूत्रे हलवत होता. दरबारात त्याने मागणी पुन्हा मांडली. फादर बाप्तिस्ता यांनी मैत्रीची तयारी दाखवली, पण आपली निष्ठा देवाला आणि आपल्या राजाला वाहिलेली आहे, असे स्पष्ट केले. हे सगळे हिदेयोशीच्या कानांवर पडले ते गोन्सालो यांच्या तोंडून. अशा जागी दुभाष्याचा एक शब्द चुकला तर मुंडकी उडतात. शब्द जास्त मऊ केला तर आपल्या माणसाशी बेइमानी, जास्त कडक केला तर सर्वांचा नाश. गोन्सालो यांनी ते निभावले. युद्धाऐवजी बोलणी चालू राहिली आणि मनिलाहून उत्तर येईपर्यंत या मंडळींना जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. पुढे क्योतोमध्ये जागाही मिळाली.

त्या जागेवर त्यांनी छोटेसे चर्च आणि मठ बांधला, आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने उभे केले. जपानमध्येही कुष्ठरोग्याला घर नव्हते आणि गाव नव्हते. फ्रान्सिस्कन बंधू त्यांच्या जखमा धूत, त्यांना जेवू घालत. भाषा येत असल्यामुळे रुग्णांशी बोलणे, सामान आणणे, अधिकाऱ्यांना भेटणे हे सारे ब्रदर गोन्सालो यांच्याकडेच येत असणार. आजूबाजूची साधी जपानी माणसे या कामात येऊन मिळाली. कुणी सुतार, कुणी वैद्य, कुणी स्वयंपाकी, आणि मठात मदत करणारी काही मुलेसुद्धा.

इथे दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. १५८५ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे मिशन फक्त येशूसंघाकडे सोपवले होते. फ्रान्सिस्कन तिथे आले ते वकील या नात्याने. १५८७ चा हुकूम रद्द झालेला नव्हता, तरी ते उघडपणे मिस्सा करीत, झगा घालून फिरत. सावध राहा, असे येशूसंघीय फादर त्यांना सांगत. एका बाजूला पोर्तुगिजांच्या आश्रयाचे येशूसंघीय, दुसऱ्या बाजूला स्पेनच्या आश्रयाचे फ्रान्सिस्कन. ज्यांनी वाढवले ते गुरू आणि ज्यांनी स्वीकारले ते बंधू, या दोघांच्या मध्ये गोन्सालो उभे होते. कोण बरोबर होते याचा वाद इतिहासकार आजही घालतात. आम्हांला वाटते, सावधपणाचा सल्ला शहाणपणाचा होता. पण कुष्ठरोग्याची सेवा लपूनछपून करता येत नाही, हेही तितकेच खरे.

१५९६ साली सगळे फिरले. सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप झाला आणि फुशिमी येथील हिदेयोशीचा नवा महाल कोसळला. कोरियाच्या युद्धात तिजोरी आटत चालली होती. त्यातच ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटावरील तोसा येथे किनाऱ्याला लागले. हिदेयोशीच्या माणसांनी माल जप्त केला. माल परत मिळावा म्हणून क्योतोतल्या फ्रान्सिस्कन मंडळींनी रदबदली केली. असे सांगतात की जहाजाच्या सुकाणूवाल्याने धाक दाखवण्यासाठी नकाशा उघडला आणि स्पेनच्या राजाचा पसारा दाखवत बढाई मारली : आधी मिशनरी जातात आणि मागून सैन्य येते. तो नेमके काय बोलला यावर पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोघांनीही एकमेकांवर दोष ढकलला. पण हिदेयोशीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. १५६५ पासून फिलिपाइन्समध्ये क्रूस आणि तलवार एकत्रच गेली होती. परका धर्म म्हणजे परके राज्य, हा संशय मिशनऱ्याच्या वाट्याला तेव्हा आला आणि पुढेही अनेक देशांत येत राहिला. राजांच्या महत्त्वाकांक्षेची किंमत कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांनी मोजली.

डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. शिक्षा ठरलेल्यांमध्ये फ्रान्सिस्कन संघाचे सहा जण, येशूसंघाचे तीन जपानी आणि बाकीचे सामान्य जपानी श्रद्धावंत होते. ज्या दोन संघांत वाद होता, त्यांची माणसे आता एकाच दोरीला बांधली गेली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता, पण एका अधिकाऱ्याला दया आली. मग बैलगाड्यांत बसवून त्यांची शहरांतून धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेले. अंतर सुमारे ८०० किलोमीटर. इथून गोव्यापर्यंत चालत जावे, तेवढे. वाटेत या कैद्यांची सेवा करीत चाललेल्या दोघांनाही शिपायांनी पकडून त्यांच्यात घातले आणि चोवीसचे सव्वीस झाले.

त्यांत तीन मुले होती. लुईस बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा, थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचे वडील मायकेलही त्याच्याबरोबर चालत होते. वाटेत एका किल्ल्यातल्या मुक्कामी थॉमसने आईला चिठ्ठी लिहिली. आमची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना श्रद्धेत वाढव, असा तिचा आशय होता. ती चिठ्ठी पुढे त्याच्या वडिलांच्या मृतदेहावर रक्ताने भिजलेली सापडली. छोट्या लुईसला तिथल्या अधिकाऱ्याने श्रद्धा सोडलीस तर जीव वाचवतो असे सांगितले, तो ऐकला नाही.

५ फेब्रुवारी १५९७, बुधवार. नागासाकीजवळची निशिझाका टेकडी. क्रूस जमिनीवर रांगेत मांडून ठेवले होते. सर्वांत आधी ब्रदर गोन्सालो पोहोचले. समोरच्या क्रूसाकडे जाऊन त्यांनी विचारले, हा माझा का? नाही, तुमचा दुसरा, असे उत्तर मिळाले. त्यांना त्यांच्या क्रूसाकडे नेले, तेव्हा त्यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. मागून येणारे एकेक जण तसेच करू लागले. क्रूसांवरून स्तोत्रे ऐकू येत होती, पॉल मिकी जमलेल्या लोकांना शेवटचे प्रवचन देत होते. मग दोन्ही बाजूंनी भाले चालले. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते. त्यांच्यावरचा आरोप समोरच्या फळ्यावर लिहिला होता : फिलिपाइन्सहून वकील म्हणून आले आणि बंदी असलेला धर्म शिकवत राहिले.

पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये, हिदेयोशी मरण पावला. छळ मात्र थांबला नाही. १६१४ मध्ये सर्व देशभर बंदी आली आणि धर्मगुरूंना हाकलले गेले. गोन्सालो व सहकाऱ्यांना १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिले. त्यानंतर तीन वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. नागासाकीत परदेशी लोकांसाठी एक नवे चर्च बांधून झाले होते, तेही याच सव्वीस जणांच्या नावाने. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी तिथे आले आणि फादर पेतिजाँ यांच्या कानाशी हळूच म्हणाले की तुमचे अंतःकरण तेच आमचे. पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे, असेही त्यांनी विचारले. दोनशे वर्षांहून अधिक काळ धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, तरी घराघरांत बाप्तिस्मा आणि प्रार्थना चालू राहिल्या होत्या. आईने मुलीला, आजोबाने नातवाला शिकवले आणि तेही त्यांच्या स्वतःच्या भाषेत.

१९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी निशिझाका टेकडीवर जाऊन प्रार्थना केली. तिथे १९६२ पासून सव्वीस जणांचे स्मारक उभे आहे. ते आपल्याला लांब. पण नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबईला जाणारी गाडी वसईवरूनच जाते. किल्ल्यातले येशूसंघीयांचे जुने चर्च आज संत गोन्सालो यांच्या नावाने ओळखले जाते, आणि जवळच्या गास गावातही त्यांच्या नावाचे चर्च आहे. पुढच्या खेपेला मुंबईचे काम आटोपल्यावर अर्धा दिवस काढावा. किल्ल्यात सावली कमी आहे, तेव्हा सकाळी लवकर जावे आणि बरोबर पाणी न्यावे.